बिऱ्हाड बदलणारा वेल

पुनर्विकासाच्या करारावर सह्या होतात, घर रिकामे करायची तारीख ठरते आणि सामानाची यादी सुरू होते. कपाटे, देव्हारा, पितळी पिंप, आजीचा पाटा-वरवंटा. टेम्पो दोन लागतील की तीन, यावर वाद होतो. मग एखाद्या संध्याकाळी कोणाचे तरी लक्ष अंगणाच्या कोपऱ्याकडे जाते. तिथे तीस-चाळीस वर्षांची जुई आहे. बुंधा मनगटाएवढा, मुळे फरशीखाली आणि कुंपणाच्या पायात गेलेली. ही कशी न्यायची? पुण्यात, ठाण्यात, नाशकात, मडगावात हा प्रश्न आता घरोघर पडतो आणि बहुतेक ठिकाणी तो फार उशिरा पडतो. आदल्या दिवशी माळी येतो, कुदळीने वेल उपटतो, गोणपाटात गुंडाळलेला तो गड्डा भाड्याच्या घराच्या बाल्कनीतल्या कुंडीत कोंबला जातो आणि आठवडाभरात वाळतो. दोष माळ्याला दिला जातो, उन्हाला दिला जातो, क्वचित दृष्टीलाही.

प्रश्न तसा जुना आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा ती आपल्या नवमालिकेच्या वेलाला भेटायला जाते. पहिल्या अंकात याच वेलाने आंब्याला वर म्हणून निवडल्याची थट्टा झालेली असते. शकुंतलेनेच त्याचे नाव वनज्योत्स्ना ठेवलेले असते. निघताना ती वेल उपटून नेत नाही. अनसूया आणि प्रियंवदा यांच्या हाती तो ठेव म्हणून सोपवते. कालिदासाने हे प्रेमापोटी लिहिले असेल, पण बागकामाच्या नजरेने पाहिले तरी तिचा निर्णय बिनचूक होता. आंब्यावर चढून बसलेला जुना वेल हलवत नाहीत. त्याची एक फांदी नेतात.

सुवासिक वेलांविषयीचे हे पुस्तक त्या एका फांदीभोवती उभे आहे. त्यात शिरण्याआधी प्रांताची ओळख करून घ्यायला हवी, आणि सुरुवात नावांपासूनच करावी लागते, कारण इतका गोंधळ दुसऱ्या कुठल्या फुलांच्या नावांत नसेल. अमरकोशात मालती म्हणजे जाई. आज मात्र कुठल्याही रोपवाटिकेत ‘मालती’ मागितली की हाती येते मधुमालती, जिचा जाईच्या कुळाशी काहीच संबंध नाही. त्याच अमरकोशात माधवी आणि अतिमुक्त ही एकाच वेलाची नावे आहेत. मराठीत त्याला माधवीलता किंवा हळदवेल म्हणतात. मधुमालती, माधवी आणि मालती या तीन शब्दांनी किती लोकांना चुकीची रोपे घरी आणायला लावली असतील, याची गणती नाही. हिंदीतली चमेली म्हणजे आपली जाई, हिंदीतली जूही म्हणजे आपली जुई. पण मराठी घरांत चमेली हा शब्दही वेगळ्या वेलासाठी सर्रास वापरतात. सायली म्हणून तर गावोगावी वेगवेगळे वेल दाखवले जातात. फुलावरून भांडण मिटत नाही, तेव्हा पान बघावे. मोगऱ्याचे पान साधे, एकेरी, जाड. जाईचे पान संयुक्त, सात-नऊ पर्णिकांचे, आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईच्या पानात एक मोठी पर्णिका आणि देठाशी कानाच्या पाळीसारख्या दोन इवल्या पर्णिका. तिच्या शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलॅटम’ हा शब्द त्या कानांवरूनच आला. एवढे लक्षात ठेवले तरी फुले येईपर्यंत वर्षभर थांबून फसगत कळण्याची वेळ टळते.

मोगऱ्याला वेल म्हणायचे का, हा आणखी एक जुना वाद. ज्ञानेश्वरांच्या मोगऱ्याच्या अभंगात तो दारात लावलेला आणि आभाळाला भिडणारा वेल आहे. बागेतला बटमोगरा मात्र कमरेएवढे झुडूप होऊन बसतो. दोघेही खरे. मोगऱ्याची प्रजाती मुळात लोळत, आधार शोधत वाढणारी; एकेरी पाकळ्यांचा वेलमोगरा अजून तसाच वागतो. गच्च पाकळ्यांचे, आखूड पेरांचे प्रकार माणसाने शेकडो वर्षे निवडून ठेवले. ही निवड फांद्यांनी झाली, बियांनी नाही. दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्याला बी धरत नाही. घरच्या बागेत जाई-जुईलाही फळ धरलेले सहसा दिसत नाही. म्हणजे आज दादरच्या बाल्कनीत, सोलापूरच्या परसात आणि न्यू जर्सीत हिवाळ्यापुरत्या घरात घेतलेल्या कुंडीत जो मदनबाण मोगरा आहे, तो कुठल्यातरी एकाच मूळ झाडाच्या फांदीची फांदी आहे. त्या झाडाने आजवर किती बिऱ्हाडे बदलली, ते कोणालाच सांगता येणार नाही.



या पुस्तकाच्या कुंपणात कोण येते आणि कोण नाही? रातराणी येत नाही. ती वेल नाही, झुडूप आहे, टोमॅटो-वांग्याच्या कुळातले. बोगनवेल येत नाही, कारण तिला वास नाही. लसण्या वेलाला वास आहे, पण तो लसणाचा, आणि तोही पानांना. तो वगळल्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. उरतात जाई, जुई, कुंद, वेलमोगरा ही पारिजातकाच्या कुळातली मंडळी, मधुमालती, माधवीलता, सीताफळाच्या कुळातला हिरवा चाफा, ज्याची हिरवी फुले पिवळी पडताना पिकल्या फळांचा घमघमाट सुटतो, दक्षिण अमेरिकेतून आलेले आणि इथे कौरव-पांडवांची कथा चिकटवून घेतलेले कृष्णकमळ, आणि सह्याद्रीत उन्हाळ्यात पांढरीशुभ्र फुलणारी कुसर, म्हणजे रानमोगरा.

हे सगळे चढतात, पण एकसारखे चढत नाहीत. या बाबतीतला एक नीट अभ्यास आजारपणात झाला. चार्ल्स डार्विन खोलीत पडून होता आणि कुंडीतल्या हॉपच्या वेलाचा शेंडा हवेत गोल फिरताना पाहत होता. उन्हाळ्यात दिवसा एका फेरीला सरासरी दोन तास आठ मिनिटे लागतात, अशी त्याने नोंद केली. वेलांच्या हालचालींवरचा त्याचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापला, १८७५ मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्याने वेलांची विभागणी चढण्याच्या रीतीवरून केली: खोडाने वेढे घालणारे, पानांनी किंवा तणाव्यांनी धरणारे, आकड्यांनी अडकणारे, मुळांनी चिकटणारे. घरच्या बागेत या विभागणीचा उपयोग थेट सुताराकडे आणि वेल्डरकडे जाताना होतो. कृष्णकमळाला स्प्रिंगसारखे तणावे असतात, त्याला बारीक तार किंवा जाळी लागते. जाड बांबू त्याच्या काही कामाचा नाही. मधुमालतीची पाने गळतात, पण देठांचे बुडखे खोडावर राहून टणक काटे होतात, त्या आकड्यांवर ती दोन मजले चढते. हिरव्या चाफ्याचा आकडा तर फुलाच्या देठाचाच. जाई-जुईची गत वेगळी. ना तणावे, ना काटे. कोवळा शेंडा जरासा गुंडाळतो, बाकी वेल आधारावर नुसता लोळतो. म्हणून तर तिला मांडव. मांडवावर फांदी हाताने चढवायची, काथ्याने सैल बांधायची, आणि दर पावसाळ्यात जुनी गाठ सोडून नवी मारायची. भिंतीला उभी जाळी ठोकून त्यावर जुई चढत नाही अशी तक्रार करणारे लोक जुईकडून भलतीच अपेक्षा करत असतात.

माधवीलतेला मात्र मांडव पुरत नाही. तिचे खोड लाकडी दोर होते आणि आधाराचे झाडच दाबून टाकते. मॉरिशसमध्ये, जिथे मराठी कुटुंबे दीडशेहून अधिक वर्षे राहत आली आहेत, तिथल्या जंगलांना ही वेल उपद्रवी ठरली, आणि जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. संस्कृत कवींची लाडकी लता परदेशात गुंड म्हणून नोंदली गेली, ही गोष्ट कवींना आवडणार नाही. पण तिच्या तीन पंखांच्या फळांना भिरभिरत दूर जाताना पाहिले की आश्चर्य उरत नाही.

वेल हलवण्याची विद्या लिहून ठेवणाऱ्यांत वराहमिहिर मोठा. सहाव्या शतकातल्या त्याच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. ज्योतिषाच्या ग्रंथात बागकाम कशाला, असे वाटू शकते. पण मुहूर्त काढणाऱ्याला ऋतू कळावे लागतात. फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात हलवावीत, फांद्या फुटलेली हेमंतात, चांगला बुंधा झालेली पावसाळ्याच्या तोंडावर, असे तो सांगतो. मग एक बारीक सूचना येते: झाडाची जी बाजू ज्या दिशेला होती, त्याच दिशेला ती नव्या जागी असावी. मुळापासून बुंध्यापर्यंत तूप, तीळ, मध, वाळा, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप लावून मग झाड न्यावे, असेही आहे. कांडीपासून लावायच्या झाडांच्या यादीत फणस, अशोक, डाळिंब, द्राक्ष यांच्याबरोबर अतिमुक्तक, म्हणजे माधवीलता आहे, आणि कापलेल्या भागाला शेण लावायला सांगितले आहे. शेणाचा लेप आजही कोकणात आणि देशावर फांदी कापल्यावर लावतात. कुठल्या ग्रंथात ते आहे, हे लावणाऱ्याला माहीत नसते. नंतरच्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’ची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात राहिली आणि नलिनी साधले यांनी तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये केले. त्यानंतर त्यातले कुणपजल, म्हणजे मांस-चरबी कुजवून केलेले पातळ खत, करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. त्यातले सगळेच तपासून घेतलेले आहे असे नाही, आणि बाल्कनीत ते करून पाहिलेल्यांचे शेजारी याविषयी अधिक सांगू शकतील.

मोगल दरबाराच्या ‘आईन-ए-अकबरी’त चंबेली, रायबेल, जूही ही नावे सुवासिक फुलांच्या यादीत आहेत. दक्षिणेत डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापून घेतला. त्यात ‘मुल्ला’ नावाचे, म्हणजे जाई-मोगऱ्याच्या कुळातले, अनेक वेल चित्रांसह आहेत, आणि या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनियसने पुढे या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली, तिच्यात मराठी नावेही नोंदवली आहेत. ललित मराठीत दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आहे, शरदिनी डहाणूकरांचे ‘फुलवा’ आहे. फूल पाहायचे कसे, हे मराठी वाचकाला चांगले शिकवले गेले. फांदी कापायची कुठे, हे मात्र तोंडी राहिले.

या तोंडी विद्येचे घराण्यांसारखे वेगवेगळे संप्रदाय झाले. सर्वांत जुना परसातला. देवाला रोजची ओंजळभर फुले आणि घरातल्या बायकांना गजरा, एवढाच हिशोब. सांडपाणी वेलाच्या आळ्यात, शेणखत वर्षातून एकदा, आणि फुलत्या वेलाला विळी लावायची नाही हा दंडक. गोव्यात मार्दोळला म्हाळसेच्या देवळात पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी जायांची पूजा याच परंपरेचे मोठे रूप. त्या दिवशी देऊळ जाईच्या माळांनी भरून जाते.

दुसरा संप्रदाय शेतीचा, आणि त्याची पंढरी तामिळनाडू. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने जुईची ‘परिमुल्लै’ आणि जाईच्या ‘को १’, ‘को २’ अशा जाती दिल्या. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला, त्याच्या कळ्या दादरच्या बाजारात येतात. परसातल्या दंडकाच्या अगदी उलट या लोकांचे वागणे. मोगरा नोव्हेंबरच्या शेवटी जमिनीपासून सुमारे ५० सेंटीमीटरवर छाटायचा, जाई डिसेंबरच्या शेवटी ७५ वर, जुई जानेवारीच्या शेवटी ४५ वर. छाटणीआधी पाण्याचा ताण. मायेने वेल वाढवणाऱ्याला हे कसाईपण वाटते, पण या वेलांची फुले नव्या फुटीवर येतात आणि न छाटलेली जुई वरवर चढत गच्चीवर फुलते, जिथे ती फक्त कावळ्यांना दिसते. या भांडणात पुस्तकाची बाजू स्पष्टपणे कात्रीची आहे. परसवाल्यांचे एक मात्र मान्य करायला हवे: त्यांच्या जुया चाळीस वर्षे जगल्या.

तिसरा संप्रदाय बंगल्यांचा आणि रोपवाटिकांचा. त्याला रंग हवा, वर्षभर हवा आणि निगा कमी हवी. बोगनवेल, संक्रांतवेल, मनी प्लांट यांनी कमानी आणि कुंपणे व्यापली ती याच संप्रदायामुळे. सुवास ही खरेदी करताना तपासता न येणारी गोष्ट. सकाळी अकरा वाजता रोपवाटिकेत मधुमालतीला वास नसतोच. फुलाची वेळ संध्याकाळची आणि गिऱ्हाइकाची दुपारची, या विसंवादात निम्मे सुवासिक वेल मागे पडले. त्यानंतर आले गच्चीवरचे माळी, ओल्या कचऱ्याचे खत करणारे, मातीऐवजी पालापाचोळ्यात आणि कोकोपीटमध्ये झाडे लावणारे. अलीकडे देशी वनस्पतींचा आग्रह धरणारे आहेत, जे मधुमालती काढून कुसर लावा म्हणतात. आग्रह चांगला, मात्र कुसर जंगलातून खणून आणणाऱ्यांना आवरले पाहिजे.

वासाविषयी दोन शब्द जास्त लागतील. जाई-मोगऱ्याच्या गंधात बेन्झिल ॲसिटेट, लिनॅलूल यांच्या जोडीला इंडोल नावाचे द्रव्य असते. ते अगदी थोडे असले तर गंधाला खोली येते. तेच एकटे आणि भरपूर असले तर डांबरगोळ्यांची, अगदी विष्ठेची आठवण होते. बंद खोलीत रात्रभर ठेवलेला गजरा सकाळी नकोसा का होतो, याचे एक कारण तिथे आहे. हा सगळा खटाटोप माणसासाठी नाही, रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी आहे. मधुमालती पहिल्या संध्याकाळी पांढरी उमलते ती त्यांच्यासाठीच, आणि पुढच्या दिवसांत गुलाबी, मग लाल होत मधमाश्या-फुलपाखरांकडे वळते. रवींद्रनाथांनी तिला मधुमंजरी म्हटले. तोडलेल्या कळीतही जाई आणि मोगरा गंध तयार करत राहतात, म्हणून पहाटे तोडलेल्या कळ्यांचा गजरा संध्याकाळी डोक्यात उमलतो, आणि म्हणूनच तिळांच्या थरात फुले पसरून चमेलीचे तेल करता येते.

याच जाईच्या तेलातून १९६२ मध्ये मिथिल जॅस्मोनेट हे द्रव्य वेगळे केले गेले. अत्तरवाल्यांना ते सुगंधासाठी हवे होते. १९९० मध्ये एडवर्ड फार्मर आणि क्लॅरेन्स रायन यांनी दाखवले की हेच द्रव्य हवेतून शेजारच्या टोमॅटोच्या रोपापर्यंत पोचले की ते रोप किड्यांविरुद्धची प्रथिने करू लागते. जॅस्मोनेट हे वनस्पतींचे जखमेचे संप्रेरक ठरले. फांदी तुटली, पान कुरतडले गेले की झाडात त्याचे प्रमाण वाढते. कुदळीने मुळे तोडून जुई उपटली जाते तेव्हा तिच्या अंगात हीच हाक फिरत असते.

तेव्हा आता कुदळीकडे. वेल हलवताना मरतो तो बहुधा तहानेने. पाणी ओढतात ती जाड मुळे नाहीत, टोकांजवळची केसासारखी बारीक मुळे, आणि खणताना नेमकी तीच जमिनीत राहतात. वर पाने तेवढीच, खाली पाणी ओढणारे कोणी नाही. भरपूर पाणी घालून हे भरून निघत नाही, उलट उरलेली मुळे कुजतात. उपाय दोनच: वरचा पसारा कमी करणे आणि खालच्या मुळांना आधीच तयार करणे. हलवायच्या दोन-तीन महिने आधी बुंध्याभोवती हात-दीड हात अंतरावर अर्धा चर खणून त्यातली मुळे कापतात, चर शेणखत मिसळलेल्या मातीने भरतात. महिन्याभराने उरलेला अर्धा. कापलेल्या टोकांना त्या मऊ मातीत नवी बारीक मुळे फुटतात, आणि ती गड्ड्याबरोबर येतात. मग मांडवाची माया सोडून वेल गुडघ्याएवढा छाटायचा. उत्तरेच्या बाजूला चुन्याचा ठिपका. वराहमिहिराची दिशेची सूचना पाळायला खर्च काहीच नाही, आणि सालीची जी बाजू कधी उन्हाला पडली नव्हती ती अचानक पश्चिमेला आली तर भाजते, एवढे तिला आजच्या भाषेतही कारण आहे. खोली पूर्वीएवढीच, बुंधा मातीत गाडायचा नाही. दिवस ढगाळ, वेळ संध्याकाळची, आणि नवी फूट येईपर्यंत खत नाही. पाने गळाली म्हणून लगेच वेल गेला असे समजून उपटून टाकण्याची घाई सर्वांत जास्त नडते. नखाने साल खरवडावी. आत हिरवे असेल तर थांबावे.

हे सगळे जुईला, जाईला, मोगऱ्याला लागू. मधुमालतीला इतकेही लागत नाही. तिच्या मुळांवरून फुटवे येत राहतात, एक फुटवा मुळासकट काढला की काम झाले. कृष्णकमळ मुळांना हात लावला की रुसते, त्याची छाट कलमे करावीत. हिरवा चाफा बियांपासून होतो, पहिली काही वर्षे इतका संथ वाढतो की लावणारा विसरून जातो. म्हातारा झाल्यावर तो जागा सोडत नाही. आणि ज्या जुईची मुळे काँक्रीटखाली गेली आहेत तिला हलवण्याचे नाव काढू नये. तिच्यासाठी दाब कलम: लवचिक फांदी वाकवून, डोळ्याखाली सालीला छोटी चीर देऊन, मातीच्या कुंडीत दाबायची, वर एक दगड ठेवायचा. पावसाळ्यात काही आठवड्यांत मुळे धरतात. फांदी अजून आईच्या दुधावर असते, म्हणून घाई नसते. मुळे धरल्यावर कापून कुंडी उचलली की टेम्पोत ती पुढच्या सीटवर बसू शकते.

नव्या घरी अडचणी निराळ्या. दहाव्या मजल्यावर वारा इतका की कोवळे शेंडे रोज मोडतात. पाच-सहा तास ऊन मिळाले नाही तर जाई-मोगरा पाने देतात, फुले देत नाहीत, आणि मग लोक त्यांना जास्त खत घालून आणखी पाने आणतात. ओली माती घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते. गच्चीवर डझनभर मोठी पिंपे ओळीने मांडताना इमारतीचा विचार करायला हवा, आणि ती भिंतीकडेला, तुळयांवर ठेवायला हवीत. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात; तो लोहाचा अभाव असतो, रोग नव्हे. कळ्या जांभळ्या पडून गळतात तेव्हा आत बहुधा कळी पोखरणारी अळी असते, आणि जमिनीवर पडलेल्या त्या कळ्या झाडून नष्ट केल्या तर पुढची पिढी कमी होते. कृष्णकमळावरच्या काटेरी अळ्या मात्र नारिंगी रंगाच्या एका फुलपाखराच्या असतात. त्यांना मारायचे की पोसायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

पुस्तकाने हाती घेतलेले काम यातून कळेल. ते वनस्पतींचा कोश नाही, गुलाबाच्या वेलांना आणि विलायती स्टार जास्मिनला त्यात जागा नाही, औषधी गुणांची जंत्रीही नाही. एक वेल एका घरातून दुसऱ्या घरात जिवंत कसा पोचवायचा आणि तिथे तो फुलवायचा कसा, एवढ्याच प्रश्नाला ते धरून राहते आणि बाकी सगळे, कुळे, इतिहास, रसायन, त्या प्रश्नाच्या ओढीने येते. लेखन काही ठिकाणी हट्टी आहे. रोपवाटिकेतल्या ‘बारमाही’ मोगऱ्यावरचे शेरे अंमळ कडक वाटतील, आणि मुळे फुटवणाऱ्या पावडरींना दिलेला नकार सगळ्यांना पटणार नाही. छाट कलमांना त्यांचा फायदा होतो हे बऱ्याच माळ्यांचे म्हणणे आहे आणि ते चूक नाही. पण जिथे हातचा अनुभव नाही तिथे पुस्तक गप्प बसते.

शेवटी एक तक्ता जोडला आहे: महिने, छाटणी, ताण, कलम, हलवण्याची वेळ. पाऊस गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि नागपूरला जूनच्या मध्याच्या सुमारास, म्हणून कोकण-गोवा, देश आणि विदर्भ यांचे स्तंभ वेगळे आहेत. मराठवाड्याच्या वाचकाने देशाचा स्तंभ घेऊन पहिल्या चांगल्या पावसाची वाट पाहावी. ज्यांची घर सोडायची तारीख मेमधली आहे, त्यांच्यासाठी चैत्रात पाण्याची बाटली उलटी टांगून दाब कलम कसे जगवायचे याची आकृती आहे. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यावर ‘फांदी कोणाकडची’ असे छापले आहे आणि खाली जागा कोरी सोडली आहे. कारण व्यवहाराचे आहे: वेल दुसऱ्या वर्षीही फुलला नाही तर मूळ वेल कुठल्या महिन्यात फुलत होता, हे ज्याच्याकडून फांदी आणली त्यालाच विचारावे लागते.